कौलारू घर गरीब धरू नये

आमच्या खाडीकाठी गरिबी मोजायला माणूस आला, तेव्हा मी तिथल्या दवाखान्यात सुईणीचं काम करत होते. मंदीची वर्षं होती ती. मी मूळची नागावची. लग्न होऊन मुरुडच्या बाजूला आले आणि विशी गाठायच्या आतच कपाळ पांढरं झालं. सासरी मी नकोशी होते, आणि माहेरी भावाच्या संसारात किती दिवस राहणार? अलिबागच्या इस्पितळात बाळंतपणाचं काम शिकवत होते. ते शिकले आणि खाडीवरच्या या दवाखान्यात नोकरी धरली. दवाखाना म्हणजे दोन खोल्या. एकीत औषधांच्या बाटल्या, दुसरीत मी. डॉक्टर बाजाराच्या दिवशी मुरुडहून यायचे, बाकीच्या दिवशी जे काय व्हायचं ते माझ्या हातून व्हायचं.

आजूबाजूला तीन वस्त्या होत्या. समुद्राच्या तोंडाशी कोळीवाडा, आत खारजमिनीवर आगऱ्यांचं गाव, आणि मधल्या उंचवट्यावर नारळींच्या आत मुसलमानांचा मोहल्ला. तिन्हीकडची बाळंतपणं माझ्याकडे. त्यामुळे चुलीपर्यंत जायची मुभा मला सगळीकडे होती. कुणाच्या मडक्यात काय शिजतं हे मला न विचारता दिसायचं.

त्या साली श्रावणातल्या उधाणाला खाडीचा बांध फुटला. नुकती लावणी झालेली खाचरं खाऱ्या पाण्याखाली गेली. पाणी ओसरलं तेव्हा रोपं उभी होती, म्हणून लोकांना वाटलं वाचली. मग ती पिवळी पडली, मग काळी पडली, आणि हात लावला की मुळासकट हातात येऊ लागली. कोळ्यांनी नारळी पौर्णिमेला होड्या बाहेर काढल्या, पण मासळी लागेना. लागली तर घेणारा नव्हता, कारण ज्यांनी भात देऊन मासळी घ्यायची त्यांचंच भात गेलेलं. मोहल्ल्यातले बाप्ये बोटींवर खलाशी. मंदीत बोटी गोदीत बांधून पडल्या होत्या. टपालवाला पूर्वी मनीऑर्डरी घेऊन मोहल्ल्याच्या वाटेनं सरळ वर चढायचा, आता तो खालूनच निघून जायचा.

मुंबईच्या काही व्यापाऱ्यांनी मिळून मदत समिती काढली होती. तिनं एका कॉलेजातल्या मास्तरांना आमच्याकडे धाडलं. अंगानं किडकिडीत, चष्मा, धोतर गुडघ्यापर्यंत खोचलेलं आणि एका पायात वहाण. दुसरी चिखलात रुतून राहिली होती. शाळेच्या पडवीत त्यांनी बिऱ्हाड केलं. पहिल्याच दिवशी माझ्याकडे आले आणि उभ्याउभ्याच म्हणाले, "बाई, मला कुणी उंबऱ्याच्या आत घेणार नाही. तुम्हाला घेतील. माझ्याबरोबर याल?"

"मी काय करायचं?"

"घरं बघायची. मी विचारतो ते लिहायचं. तिन्ही वस्त्यांत शंभरात किती घरं गरीब, ते काढायचं आहे."

मला हसू आलं. म्हटलं, "शंभरातली शंभर लिहा आणि घरी जा. पावसाळी हवा आहे, तुम्हाला खोकला आहे."

ते हसले नाहीत. खाली बसून त्यांनी मला सगळं समजावलं. समितीकडे जो तांदूळ होता तो एका वस्तीला दिवाळीपर्यंत पुरेल एवढाच होता. तिन्हीकडे वाटला तर कुणाचंच भागणार नाही, असं समितीचं म्हणणं. म्हणून जिथं गरीब घरांचं प्रमाण सर्वांत जास्त, त्या वस्तीला आधी द्यायचं.

"आणि बाकीच्या दोन?"

"दुसऱ्या खेपेला."

"दुसरी खेप कधी यायची?"

ते चष्मा पुसत राहिले. पुसून झाल्यावरही पुसतच होते.

गरीब घर कुठलं, हे समितीनं मुंबईतच ठरवून दिलं होतं. छप्पर कशाचं, तांब्यापितळेची भांडी आहेत का, दावणीला जनावर आहे का, घरात कमावता पुरुष आहे का. मिळकत विचारली तर लोक खोटं सांगतात, छप्पर खोटं बोलत नाही, असं कुणीतरी म्हणालं असावं. छापील कागदाच्या खाली एक ओळ होती: कौलारू घर गरीब धरू नये.

आम्ही कोळीवाड्यापासून सुरुवात केली. तिथं काम सोपं होतं. झावळ्यांची छपरं, कुडाच्या भिंती, मातीची मडकी. वस्तीतली एक म्हातारी, जिच्या चारही नातवंडांना मीच हातात घेतलं होतं, तिनं दारातच मला धरलं आणि मडक्याचं तोंड माझ्याकडे केलं.

"बघ गो बाय. हाय काय आत? चूल पेटली नाय, तं नाय पेटली लिव. लाज कसली त्यात?"

"पोरं काय खातात?"

"कालवं खातात, निवट्या खातात. भात नाय. नुसती मासळी खाऊन हगवन लागलीय सगल्यांना. तो तुजा मास्तर हगवन लिवतो काय?"

हगवणीला रकाना नव्हता. मी छपराच्या रकान्यात झावळ्या लिहिलं आणि पुढं गेले.

आगऱ्यांच्या गावात पोचेपर्यंत बातमी आमच्या आधी पोचली होती. भांडी गेली होती. दोन दिवसांपूर्वी मी ज्या घरात पितळी घंगाळात बाळ न्हाऊ घातलं होतं, तिथं आता मातीची परात होती आणि घरची बाई माझ्याकडे बघत नव्हती. एकीनं तर आपला हंडा पहाटे माझ्याच खोलीत आणून ठेवला होता, "राहू दे बाय, चार दिस," म्हणून. मी तो बाटल्यांच्या मागं सरकवला. पण जनावर कुठं लपवणार? एक आगरी म्हातारा आपल्या बैलाच्या शेजारी उभा होता. पेंढा कुजलेला, बैलाच्या बरगड्या बाहेर आलेल्या. मास्तरांनी जनावर लिहिलं तसा म्हातारा पुढं आला.

"ह्यो बैल लिवला काय तुमी?"

"हो."

"मंग सांगा, मी त्याला खाऊ, का तो मला खाल?" आणि जरा थांबून, खालच्या आवाजात, "कोलीवाड्यात किती घरं लिवली?"

ते शब्द मी त्यानंतर रोज ऐकले. त्यांची किती, आमची किती. एकमेकांच्या लग्नाला जाणारी, एकाच बाजारात बसणारी माणसं. मासळी आणि भात एका टोपलीतून दुसऱ्या टोपलीत जायचं, हिशेब कुणी ठेवत नव्हतं. आता विहिरीवर बायका एकमेकींच्या घागरींकडे बघू लागल्या.

मोहल्ल्यात दारं बंद होती. ठोठावलं की उघडायची, पण वेळ लागायचा. एका खलाशाचं घर मला चांगलं माहीत होतं. घरधनी बोटीच्या भट्टीत कोळसा टाकायच्या कामाला होता. बरे दिवस होते तेव्हा त्यानं मंगळुरी कौलं आणून घातली होती, दाराच्या चौकटीवर वेलबुट्टी कोरून घेतली होती. तो गेल्याला आठ महिने होत आले, त्याची काहीच खबर नव्हती. घरात त्याची म्हातारी आई, लकव्यानं खाटेला खिळलेली. सहा-सात वर्षांची मुलगी. आणि बायको, तिला आठवा महिना.

"आठवा?" मास्तरांनी बाहेर नंतर मला विचारलं होतं. "आणि एवढे महिने नवरा घरी नाही म्हणता?"

"आठच महिने झाले. जाताना ठेवून गेला," मी म्हटलं. ते ओशाळले.

त्या दिवशी तिनं मला सोनेरी काठाच्या चिनी पेल्यात पाणी आणून दिलं. पूर्वी त्याच पेल्यात चहा असायचा.

"आमचं बरं चाललंय, बाई," ती म्हणाली. "तसंच लिवा."

खाटेवरून सासूचा आवाज आला, "या घरातून कोन मागायला गेलेलं नाय. माझ्या सासऱ्याचं गलबत होतं."

मी पोट तपासायच्या निमित्तानं तिला आतल्या खोलीत नेलं. पायांवर बोट दाबलं तर खळगा तसाच राहिला. डोळ्याची पापणी खाली ओढली तर आत पांढरं.

"जेवलीस कधी?"

ती हळूच म्हणाली, "पोरीला काल पेज घातली. सासूला पन."

"तुझं विचारते आहे मी."

तिनं मान खाली घातली.

"हे मी लिहू का?"

"नको, बाई." तिनं माझं मनगट पकडलं. "पोर उजवायची हाय पुढं. खैरातीवर जगले म्हनून नाव निघालं तर तिला कोन करील? आनि सासूनं ऐकलं तर ती आजच मरेल."

मी रकाने भरले. छप्पर कौलारू. भांडी तांब्याची. कमावता पुरुष: बोटीवर. सगळं खरं होतं.

संध्याकाळी मी मास्तरांना म्हटलं, "ते घर गरीब आहे. कोळीवाड्यातल्या कुठल्याही घराइतकं गरीब."

"मला माहीत आहे."

"मग?"

"मी समितीला तार केली होती," ते म्हणाले. "चूल शेवटची कधी पेटली, असा एक रकाना वाढवू द्या म्हणून. उत्तर आलं की मध्येच रकाने बदलू नका. तिन्हीकडे एकाच मापानं मोजलं नाही तर तुलना कशाची करणार?" हे ते पाठ म्हटल्यासारखं म्हणाले. मग म्हणाले, "आणि बाई, ते चूकही नाही. कोळीवाड्यात तो रकाना नव्हता. मी तुमच्या शब्दावर मोहल्ल्याला वेगळं माप लावलं तर आगरी मला काय म्हणतील?"

मी कंदिलाची काच पुसून ठेवली आणि ते खोकत शाळेकडे गेले.

मोजणी संपली. कागद टपालानं मुंबईला गेले. त्याच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी ती कोळीण म्हातारी धापा टाकत दवाखान्यात आली.

"मोहल्ल्यात जा बिगीनं. तुजी पोटुशी छपरावर चढलीय."

मी तशीच धावले. ती खरोखरच वर होती. लुगड्याचा काचा मारून, वाशांवर पाय रोवून बसली होती आणि एकेक कौल काढून खाली पोरीच्या हातात देत होती. पोर ती भिंतीला लावून ठेवत होती. काही फुटली होती. निम्मं छप्पर उघडं झालं होतं आणि आत खाटेवर म्हातारी डोक्यावर पदर ओढून रडत होती. आजूबाजूच्या घरांच्या पडद्यांआड माणसं उभी होती. पुढं कुणी येत नव्हतं.

"खाली उतर!" मी ओरडले. "पडशील! मरशील!"

"तुमच्या मास्तराला बोलवा," ती वरून म्हणाली. "बघ म्हनावं, आता कौलं हायत का. सगल्यांना दिसू दे. मी आता लपवीत नाय."

"काय झालं तुला एकाएकी?"

"पोर भिंतीची माती खात होती, बाई. सकाळी उठून बघते तर तोंड भरलेलं. खरवडून खात होती."

पोरीनं हातातलं कौल खाली ठेवलं आणि हाताच्या पाठीनं ओठ पुसले.

मास्तर आले. छत्री हातात, ती उघडायचंही भान नव्हतं. वर बघत उभे राहिले. मग मला बाजूला घेऊन म्हणाले, "कागद काल गेले. आणि नसते गेले तरी हे एक घर मी बदललं, तर उद्या मोहल्ल्यात आणि आगऱ्यांच्या गावात लोक कौलं उतरवतील. या पावसात. लहान पोरांच्या डोक्यावरची. सांगा तिला."

मला सांगावं लागलं नाही. तिनं ऐकलं होतं. हातातलं कौल तिनं मांडीवर ठेवलं. अगदी साध्या आवाजात तिनं विचारलं, "मग आता परत चढवू?"

मास्तर वळले आणि माडाला टेकून उभे राहिले. त्यांचे खांदे हलत होते. मला वाटलं खोकला आला.

ती उतरली ती पोट धरूनच. दुपारी पाऊस धरला. कळा सुरू झाल्या होत्या, तिला हलवायची सोय नव्हती. तेवढ्यात कोळीवाड्यातून ती म्हातारी आणि तिच्या दोन सुना डोक्यावर एक जुनं शीड घेऊन आल्या. त्यांनी ते वाशांवर टाकलं, कोपऱ्यांना सुंभ बांधला. शिडावर पाऊस वाजत होता, मधोमध पाण्याचा फुगा धरत होता आणि म्हातारी वल्ह्यानं तो वर ढकलून पाणी पलीकडे पाडत होती. अशात मुलगा झाला. फार लहान. रडला, पण ते रडणं शेजारच्या खोलीतही ऐकू गेलं नसेल.

"झाला?" सासूनं विचारलं.

"झाला. मुलगा आहे."

"बापाला कलवा," ती म्हणाली.

निकाल कोळीवाड्याच्या बाजूनं लागला. झावळ्यांची छपरं, मातीची भांडी. दुसरं काही लागणार नव्हतं. आगऱ्यांचं गाव दुसरं आलं, मोहल्ला शेवटी. आगरदांड्याहून पडाव आला, पोती उतरली, घराघराला चिठ्ठ्या मिळाल्या. आगरी बांधावर येऊन नुसते बघत उभे होते. बैलवाला म्हातारा मास्तरांजवळ गेला.

"आमी दुसरे?"

"हो. थोडक्यात हुकलात."

"म्हंजे आमी कमी पडलो," तो म्हणाला. भांडला नाही. गेला.

कोळीण म्हातारीनं पहिल्याच दिवशी तांदूळ पदरात बांधून मोहल्ला चढला. मग एक दिवसाआड जाऊ लागली. खलाशाच्या बायकोनं आता ना म्हटलं नाही. पेज पोटात गेली तसं तिला थोडं दूध येऊ लागलं. बाळाची कातडी सुरकुतलेली होती, पण ते ओढायला लागलं. मला वाटलं, जगेल. मी म्हातारीला तसं म्हटलंही.

वाटपाला समितीनं एक कारकून बसवला होता. त्यानं म्हातारीला पदरात तांदूळ घेऊन वर जाताना पाहिलं. दुसऱ्या दिवशी तिची चिठ्ठी रद्द झाली. ज्याच्याकडे दुसऱ्याला द्यायला उरतं त्याला मदतीची गरज नाही, असा नियम त्यानं वाचून दाखवला. मास्तर मधे पडले. मी त्यांना पहिल्यांदाच ओरडताना ऐकलं. कारकून म्हणाला, "साहेब, मोजणी तुमची. वाटप माझं."

म्हातारी उभी होती. म्हणाली, "म्हंजे मी गरीब नाय?"

"नाही."

"मंग सावकारीन झाले काय मी?" ती हसली. दोन सुनांकडे बघून हसली. मग वाळूत बसली आणि दोन्ही हातांनी डोकं धरलं. घरात चार नातवंडं होती. तिच्या थोरल्या सुनेनं त्या दिवसापासून माझ्याशी बोलणं टाकलं. मोहल्ल्याकडे मग कोळीवाड्यातलं कुणी गेलं नाही. जाणार कसं? सगळ्यांच्याच घरी पोरं होती.

मी माझ्या वाटणीचं थोडं नेत होते. पण मीही दवाखान्याच्या शिध्यावर जगत होते, त्यात तीन जीव तगतील एवढं नव्हतं. दूध आटत गेलं. बाळ आधी रडायचं थांबलं, मग ओढायचं. कोजागिरीच्या आधी गेलं. मोहल्ल्यातल्या चार बाप्यांनी त्याला नेऊन मातीत ठेवलं. आई शिडाखाली बसून होती. मी तिच्या छातीला पट्टी बांधत होते आणि ती माझ्या हातांकडे बघत होती, कुणा दुसरीलाच बांधते आहे तसं.

मास्तरांना तोवर हिवतापानं गाठलं. त्यांना डोलीत घालून आगरदांड्याला नेलं. जाताना म्हणाले, दुसऱ्या खेपेचं मी बघतो. त्यांनी बघितलं असणार. पण ती खेप आली नाही. ते पुन्हा उठले की नाही हेही मला कळलं नाही. आगऱ्यांनी बैल विकले आणि जे चालू शकत होते ते उत्तरेकडच्या मिठागरांवर मजुरीला गेले. कोळीवाड्यात म्हातारीचा धाकटा नातू गेला, हगवणीनं. तेव्हा तिची थोरली सून मला बोलवायला आली नाही, मी आपण होऊन गेले. म्हातारीनं मला जवळ बसवून घेतलं, पण मोहल्ल्याचं नाव काढलं नाही.

खलाशाची आई थंडी पडायच्या सुमारास गेली. त्यानंतर खलाशाच्या बायकोनं मुंबईला जायचं ठरवलं. कोकणातले खलाशी जिथं उतरतात त्या खोल्यांवर जाऊन नवऱ्याची चौकशी करायची म्हणाली. नाही लागला तर कुणाकडे तरी भांडी घासायची. मी तिला आगरदांड्याच्या धक्क्यावर पोचवायला गेले. पोरीच्या हातात बोचकं होतं. मचवा भरत होता.

"बाई, एक विचारू?" ती म्हणाली. "त्या कागदावर आमचं काय लिवलं होतंत?"

"जे विचारलं होतं ते."

"गरीब?"

"नाही."

"सासूला कलायला पायजे होतं," ती म्हणाली. "तिला बरं वाटलं असतं."

नावाड्यानं हाक मारली. मी पोरीला उचलून आत दिलं. उचलताना तिचं वजन काहीच लागलं नाही. तिनं आईच्या मांडीवर डोकं टेकलं आणि मचवा सुटला. मी परत आले तर आगऱ्यांच्या गावातून बोलावणं आलेलं होतं. पहिलटकरीण होती, रात्रीपासून अडलेली. मी पाय धुतले, पिशवी घेतली आणि बांधावरून निघाले.